दृश्याला दृश्य जोडताना : चित्रपट-संकलनातील सलगतेची तंत्रे

पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंड जंक्शनला आली, की पूर्वी एक ठरलेला प्रकार घडत असे. गाडी बराच वेळ थांबे, इंजिन एका टोकाचे सोडवून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने चालू लागे. डुलकी लागलेला नवखा प्रवासी जागा होई आणि ‘गाडी परत पुण्याला निघाली की काय?’ असे शेजाऱ्याला धास्तावून विचारी. ‘दौंड कॉर्ड लाइन’ स्थानक झाल्यापासून अनेक गाड्यांचा हा खटाटोप वाचला आहे. मात्र त्या प्रवाशाच्या मनात उडालेला गोंधळ चित्रपटाच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. गाडी योग्य मार्गावरच होती; चुकले होते ते प्रवाशाचे दिशेचे भान.

चित्रपटाच्या प्रेक्षकाचेही असेच होते. कथा योग्य मार्गाने चाललेली असते, अभिनय चांगला असतो, छायाचित्रण देखणे असते. परंतु दोन दृश्यांच्या जोडावर कुठेतरी प्रेक्षक घसरतो. आता आपण कुठे आहोत? हा माणूस घरी निघाला की घरातून निघाला? मधे किती काळ गेला? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात त्याचे दोन-तीन सेकंद जातात आणि तेवढ्यात कथेतील भावना निसटून जाते. ही घसरण टाळण्याचे शास्त्र आणि कला म्हणजे सलगतेचे संकलन. आज शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतही मोबाइलवर लघुपट, लग्नाच्या चित्रफिती, यात्रा-जत्रांचे माहितीपट तयार होतात. साधने हाताशी आली आहेत. त्यांमागील व्याकरण मात्र बहुतेकांना चुकत-माकतच शिकावे लागते. त्या व्याकरणाची ही ओळख.

तुकड्यांतून कथा

चित्रपट आरंभी तुकड्यांचा नव्हताच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची जी चलच्चित्रे दाखवण्यात आली, ती प्रत्येकी एकाच सलग शॉटची होती. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले, तेही याच पद्धतीचे. कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि समोर घडेल ते टिपायचे. प्रेक्षक नाटकगृहातील एका खुर्चीत बसल्यासारखा असे.

शॉटला शॉट जोडून कथा सांगू लागल्यावर अडचणी सुरू झाल्या. एडविन पोर्टर या अमेरिकी दिग्दर्शकाच्या १९०३ च्या ‘लाइफ ऑफ ॲन अमेरिकन फायरमन’ या चित्रपटात आगीतून माय-लेकराची सुटका दोनदा दिसते. एकदा खोलीच्या आतून आणि मग तीच सगळी घटना पुन्हा पहिल्यापासून बाहेरून. आजच्या प्रेक्षकाला ही चूक वाटेल. पण ‘आतला अर्धा भाग दाखवून बाहेरच्या दृश्यावर जायचे आणि काळ पुढे चालूच ठेवायचा’ ही कल्पना त्या वेळी रुळलेली नव्हती. पुढे डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याने १९०८ नंतरच्या असंख्य लघुपटांतून ती रुळवली. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे तेव्हा घरातच होत आणि सरस्वतीबाई फाळके यांचा त्यांत मोठा वाटा असे.

दोन दृश्ये शेजारी ठेवली, की प्रेक्षक त्यांच्यात नाते जोडतो, हे रशियातील लेव्ह कुलेशॉव्ह याने प्रयोगाने दाखवले. एका नटाचा निर्विकार चेहरा, त्यानंतर सूपची थाळी. तोच चेहरा, त्यानंतर शवपेटी. तोच चेहरा, त्यानंतर एक स्त्री. प्रेक्षकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, शोक आणि आसक्ती असे तीन वेगवेगळे भाव दिसले. सलगतेची सगळी तंत्रे प्रेक्षकाच्या याच सवयीवर उभी आहेत. तो स्वतःहून जोडत असतो. त्याला चुकीचे जोडायला भाग पाडू नये, एवढी जबाबदारी संकलकाची.

आधी जागा समजू द्या

नव्या प्रसंगात प्रेक्षकाला प्रथम जागेचा अंदाज हवा असतो. म्हणून रूढ पद्धत अशी, की आरंभी लांबून घेतलेले, सर्व पात्रे आणि परिसर दाखवणारे दृश्य ठेवावे. मग मध्यम अंतरावरची दृश्ये आणि अखेर क्लोजअप. दौंड तालुक्यातील एखाद्या गुऱ्हाळावर चित्रीकरण करायचे असेल, तर आधी ऊस, चरक, चुलवाणावरची काहील, वाळत घातलेली चिपाडे हे सगळे एका चौकटीत आले पाहिजे. त्यानंतर गुळव्याच्या चेहऱ्यावरचा घाम कितीही जवळून दाखवला, तरी तो कुठे उभा आहे आणि त्याच्या डाव्या हाताला काय आहे, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

हा क्रम उलटा करता येतो. आधी उकळत्या रसाचे बुडबुडे, मग हात, मग चेहरा आणि शेवटी सगळे गुऱ्हाळ, असे केल्यास कुतूहल वाढते. पण उत्तर द्यायचेच नाही असे चालत नाही. प्रसंग लांबला, पात्रे जागा बदलू लागली किंवा नवे कोणी आत आले, की पुन्हा एकदा लांबचे दृश्य द्यावे. नकाशा बदलला, की तो नव्याने दाखवावा, हा साधा नियम आहे.

पालखी कोणत्या बाजूला चालली?

सलगतेच्या नियमांत सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वाधिक मोडला जाणारा नियम म्हणजे १८० अंशांचा. तो समजून घेण्यासाठी संत तुकाराम महाराजांच्या पालखीइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. पुणे सोडल्यानंतर लोणी काळभोर, यवत, वरवंड अशा मुक्कामांनी पालखी दौंड तालुक्यातून पुढे सरकते. येथे तिची वाटचाल सर्वसाधारणपणे पूर्वेकडे असते.

समजा, आपण रस्त्याच्या दक्षिणेला कॅमेरा घेऊन उभे आहोत. पूर्व आपल्या उजव्या हाताला येते. म्हणजे पडद्यावर वारकरी डावीकडून उजवीकडे जाताना दिसतील. थोड्या वेळाने ऊन टाळण्यासाठी आपण रस्ता ओलांडून उत्तरेला गेलो आणि चित्रीकरण चालू ठेवले. आता पूर्व डाव्या हाताला आली; वारकरी उजवीकडून डावीकडे जाऊ लागले. घरी येऊन हे दोन तुकडे एकापुढे एक जोडले, की पालखी पंढरपूरकडे निघाली आणि पुढच्याच क्षणी देहूकडे परतली असे दिसते. प्रत्यक्षात कोणीही वळलेले नाही. वळला आहे तो कॅमेरा.

म्हणून हालचालीच्या दिशेने एक काल्पनिक रेषा धरावी आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, अर्धवर्तुळात ठेवावा. दोन माणसांच्या संभाषणात ही रेषा त्या दोघांच्या नजरांना जोडणारी असते. ओसरीवर बसलेली आई उजवीकडे पाहून बोलत असेल, तर उंबऱ्यापाशी उभा असलेला मुलगा डावीकडे पाहूनच उत्तर देईल. दोघेही उजवीकडेच पाहू लागले, तर ते एकमेकांशी नव्हे, कोणा तिसऱ्याशीच बोलत आहेत असे वाटते.

पडद्यावरील दिशेने नकाशातील दिशेशी जुळलेच पाहिजे असे नाही; तिने स्वतःशी जुळले पाहिजे. शिरूरहून निघालेला भाऊ आणि दौंडहून निघालेली बहीण चौफुल्याला भेटणार आहेत, असा प्रसंग घेऊ. भावाची एसटी प्रत्येक दृश्यात डावीकडून उजवीकडे आणि बहिणीची उजवीकडून डावीकडे जात राहिली, तर एकही शब्द न बोलता प्रेक्षकाला कळते की हे दोघे एकमेकांकडे येत आहेत. दोन्ही गाड्या एकाच दिशेने धावल्या, तर एक दुसऱ्याचा पाठलाग करीत आहे असा अर्थ निघतो. दोन दिशा एकमेकींपासून दूर जाऊ लागल्या, तर ताटातुटीचा.

रेषा ओलांडावीच लागली, तर त्याचेही मार्ग आहेत. पालखी थेट कॅमेऱ्याच्या रोखाने येत आहे असे समोरून घेतलेले दृश्य मधे टाकावे. त्याला डावे-उजवे नसते. किंवा कॅमेऱ्यानेच प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत रस्ता ओलांडावा. किंवा दारापुढे रांगोळी घालणाऱ्या स्त्रीचे, पाणी वाटणाऱ्या मुलांचे एखादे निराळे दृश्य मधे घालावे. तेवढ्या उसंतीत आधीच्या दिशेचा ठसा पुसट होतो आणि नवी दिशा खटकत नाही. दौंडला इंजिन बदलताना जो प्रवासी जागा असे, त्याचा गोंधळ होत नसे, तसेच हे.

अर्धवट बदल करू नये

एकाच व्यक्तीच्या दोन सलग शॉटमध्ये कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी बदलावा आणि दृश्याचा आकारही स्पष्टपणे बदलावा, असा दुसरा संकेत आहे. कंबरेपर्यंतच्या दृश्यावरून किंचित जवळच्या, जवळपास तशाच दृश्यावर गेलो, तर व्यक्ती जागच्या जागी उडी मारल्यासारखी दिसते. यालाच जम्प कट म्हणतात. मुलाखतीतला अडखळलेला भाग कापून दोन तुकडे तसेच जोडले, की हाच प्रकार होतो.

फ्रेंच दिग्दर्शक झाँ-लुक गोदार याने १९६० च्या ‘ब्रेथलेस’ या चित्रपटात असे जम्प कट मुद्दाम वापरले आणि त्यांतून नायकाच्या अस्वस्थ, बेफिकीर जगण्याला लय मिळाली. हे खरे, पण त्याने नियम माहीत असताना तो मोडला. यात्रेच्या चित्रफितीत नकळत झालेला जम्प कट हा शैलीचा भाग नव्हे, राहून गेलेले काम आहे.

हालचालीत लपणारा जोड

दोन शॉटमधला सांधा लपवण्याची सर्वोत्तम जागा म्हणजे हालचाल. गुऱ्हाळाकडे पुन्हा जाऊ. पाक तयार झाला आहे; माणसे काहील उतरवून वाफ्यात रिती करतात. लांबच्या दृश्यात काहील कलू लागली, की ती पूर्ण कलण्याआधीच कापावे आणि जवळच्या दृश्यात तीच कलण्याची क्रिया तेथूनच पुढे चालू ठेवावी. प्रेक्षकाची नजर सोनेरी पाकाच्या धारेमागे धावत असते. कट कुठे झाला हे त्याच्या ध्यानातही येत नाही. हालचाल संपून सगळे स्थिर झाल्यावर कापले, तर तोच जोड ठसठशीत दिसतो.

त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळीच दूरदृष्टी हवी. क्रिया दोन्ही अंतरांवरून पूर्ण टिपलेली असावी. पात्र सुरुवातीच्या थोडे आधी आणि शेवटच्या थोडे नंतरही कॅमेऱ्यात असावे. शिवाय तपशील जुळले पाहिजेत. गुळव्याचा गमछा लांबच्या दृश्यात डाव्या खांद्यावर आणि जवळच्या दृश्यात उजव्या खांद्यावर असेल, चहाचा कप आधी अर्धा आणि मग पुन्हा भरलेला असेल, सकाळच्या लांब सावल्या पुढच्याच क्षणी दुपारच्या आखूड झाल्या असतील, तर कोणतीही संकलनकला ते झाकू शकत नाही. मोठ्या चित्रपटांत या नोंदी ठेवायला स्वतंत्र साहाय्यक असतो. छोट्या चमूने प्रत्येक शॉटनंतर मोबाइलवर एक स्थिरचित्र काढून ठेवले, तरी पुष्कळ काम भागते.

काळाची काटछाट

चित्रपटाचा काळ खऱ्या काळापेक्षा नेहमीच लहान असतो. रस काहिलीत पडल्यापासून ढेप तयार होईपर्यंत काही तास जातात. पडद्यावर त्यासाठी तीन मिनिटेही पुष्कळ होतात. मधला काळ गाळताना तो गेला आहे याची खूण मात्र ठेवावी लागते. येथे रंग ही खूण आहे. हिरवट कच्चा रस, मळी काढल्यानंतरचा नितळ रस, मग घट्ट होत जाणारा सोनेरी पाक. या तीन अवस्थांच्या मधे चुलवाणात सरकवली जाणारी चिपाडे, गरम गुळाची वाट पाहणारी मुले अशी दृश्ये घातली, तर काळ आपोआप पुढे सरकतो. एक दृश्य विरत दुसरे उमटण्याची विलय-पद्धत, म्हणजे डिझॉल्व्ह, किंवा पडदा काळा होत जाणे या पूर्वापार चालत आलेल्या खुणा आहेत. संगणकावर डझनावारी चमकदार संक्रमणे तयार मिळतात म्हणून ती सगळी वापरावीत असे नव्हे. पाने उलटणारी, फिरकी घेणारी संक्रमणे कथेऐवजी स्वतःकडेच लक्ष वेधतात.

काळ ताणताही येतो. दौंडच्या फलाटावर कोणी तरी धावत आहे आणि गाडी केडगाव, पाटस मागे टाकत येत आहे, असे दोन ठिकाणचे तुकडे आलटून-पालटून दाखवले, की दोन्ही घटना एकाच वेळी घडत आहेत असे प्रेक्षक मानतो. तुकडे उत्तरोत्तर आखूड करत नेले, तर श्वास रोखला जातो. समांतर संकलनाचे हे तंत्र ग्रिफिथपासून आजतागायत टिकून आहे.

काय गाळावे याचा धडा ‘शोले’ने दिला आहे. १९७५ च्या या चित्रपटाचे संकलक होते एम. एस. शिंदे, आणि आज दंतकथा झालेल्या या चित्रपटाला मिळालेले एकमेव फिल्मफेअर पारितोषिक संकलनाचेच होते. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग आठवावा. एकेकाचे कोसळणे गोठलेल्या चौकटींतून दिसते, झोपाळा करकरत राहतो, आणि शेवटी लहान मुलासमोर गब्बर बंदूक रोखतो. त्या मुलाचा मृत्यू आपल्याला दाखवला जात नाही. गोळीच्या आवाजासरशी दृश्य बदलते आणि रेल्वेने घरी परतणारा ठाकूर दिसतो. प्रेक्षकाला सगळे कळलेले असते; ठाकूरला अजून काहीच कळलेले नसते. हे अंतर एका कटने निर्माण केले आहे.

कान आधी, डोळे नंतर

नवशिका संकलक चित्र आणि ध्वनी एकाच ठिकाणी कापतो. त्यामुळे प्रत्येक जोडावर चित्राबरोबर आवाजाचाही खटका बसतो. अनुभवी संकलक दोन्ही जोड मागेपुढे करतो. मुलगी घरात अभ्यास करीत असतानाच गाडीच्या शिट्टीचा आवाज सुरू होतो आणि त्यानंतर दौंडचे स्थानक दिसते. किंवा आईचे वाक्य चालू असतानाच आपण ऐकणाऱ्या मुलाचा चेहरा पाहतो. संभाषणात नेहमी बोलणाराच दिसला पाहिजे असे नाही. पुष्कळदा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरच खरा प्रसंग घडत असतो. प्रत्येक जागी दोन-चार मिनिटे नुसत्या परिसराचा आवाज टिपून ठेवावा. पाखरे, मोटारपंप, चरक यांचा तो सलग थर खाली अंथरला, की वेगवेगळ्या वेळी घेतलेले तुकडे एकाच दुपारचे वाटू लागतात.

ध्वनीबाबत मराठी चित्रपटाचा वारसा मोठा आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम यांनी रूढ पार्श्वसंगीत टाळून प्रसंगातच निर्माण होणाऱ्या आवाजांवर भर दिला. भिंतीवरचे घड्याळ त्यात जणू एक पात्र होऊन बसते. सुमारे ८० वर्षांनी, २०१६ मध्ये, नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या अखेरीस कुतुब इनामदार यांच्या संकलनात आवाज पूर्णपणे थांबतो. चिमुकले पाय घराबाहेर पडतात आणि प्रेक्षागृहात स्मशानशांतता पसरते. आधीचे पावणेतीन तास गाण्यांनी, हाकांनी, गलक्याने भरलेले असतात, म्हणूनच ही शांतता इतकी खोल लागते.

न कापण्याचे धैर्य

संकलन म्हणजे सतत कापणे नव्हे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या चित्रपटात रिखव देसाई यांनी न्यायालयातील दृश्ये दीर्घकाळ तशीच राहू दिली आहेत. कॅमेरा दूर, स्थिर. तारखांवर तारखा पडत राहतात. येथे वेगाने कापले असते, तर न्यायव्यवस्थेतील कंटाळवाणी क्रूरता हरवली असती. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’त (२०१३) डुकरामागे धावणारे कुटुंब शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येताच जागच्या जागी थांबते आणि डुक्कर निसटू लागते. तो थांबा पूर्ण अनुभवू दिला आहे, म्हणूनच त्यातील विनोद आणि वेदना दोन्ही पोचतात.

कट कुठे करावा, याचा क्रम हॉलिवूडचे संकलक वॉल्टर मर्च यांनी आकड्यांत मांडला आहे. त्यांच्या हिशेबात भावनेला ५१ टक्के, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर कुठे खिळली आहे त्याला ७, पडद्याच्या सपाट प्रतलावरील रचनेला ५ आणि प्रत्यक्ष जागेच्या सलगतेला अवघे ४ टक्के. हे आकडे अर्थातच मोजमापाचे नव्हेत, अग्रक्रमाचे आहेत. रेषा, कोन, जुळणारे गमछे हे सगळे शेवटच्या काही टक्क्यांत बसते. भावना खरी असेल, तर प्रेक्षक लहानसहान चुका माफ करतो. मात्र भावना पोचण्याआधीच जो प्रेक्षक दिशा हरवून बसला, त्याच्यापर्यंत ते ५१ टक्केही जात नाहीत.

टेबलापासून मोबाइलपर्यंत

पूर्वी हे काम हाताचे होते. ३५ मि.मी. फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने, मिनिटाला ९० फूट धावे. संकलक ती डोळ्यांनी पाहून, पट्टी कापून, चिकटवून जोडत असे. चुकीचा कट सुधारायचा तर जोड उकलून निघालेला तुकडा शोधावा लागे. त्यामुळे कापण्याआधी विचार केला जाई. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये सुरू झालेल्या आणि आज एफटीआयआय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत अनेक पिढ्या याच शिस्तीत घडल्या. ‘जाने भी दो यारों’, ‘परिंदा’ यांसारख्या चित्रपटांच्या संकलक रेणू सलुजा याच संस्थेच्या. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवात गाजला, त्याचे संकलन ए. आर. शेख यांनी केले होते. तो चित्रपट आज पाहिला, तरी कोण कुठे उभा आहे आणि प्रसंग कुठून कुठे सरकला याबद्दल क्षणभरही शंका येत नाही.

आता कट पुसणे एका बोटाचे काम झाले आहे. म्हणून काही सवयी मुद्दाम लावून घ्याव्या लागतात. प्रत्येक शॉट अपेक्षेपेक्षा चार-पाच सेकंद आधी सुरू करावा आणि नंतर थांबवावा. हात, वस्तू, पाहणाऱ्यांचे चेहरे अशी जोडदृश्ये भरपूर घ्यावीत. संगणकावर आधी सगळे चित्रण शांतपणे पाहून कागदावर नोंदी कराव्यात. पहिला कच्चा आराखडा केवळ कथेच्या क्रमाने लावावा. लय आणि सजावट नंतर. तो एकदा आवाज बंद करून पाहावा. कथा तरीही कळत असेल, तर दृश्यांची सलगता साधली. मग चित्राकडे पाठ करून नुसता ऐकावा. शेवटी चित्रीकरणाच्या वेळी हजर नसलेल्या एखाद्याला दाखवावा आणि तो कुठे कपाळाला आठ्या घालतो, तेवढे टिपून घ्यावे. संकलकाला जागा माहीत असते, हीच त्याची सर्वांत मोठी अडचण होय.

सलगतेचे सामर्थ्य आणि तिची जबाबदारी

या तंत्रांची आणखी एक बाजू आहे आणि ती शिरूर तालुक्यातील वाचकांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ऊस तोडणारी बाई दचकून मान वर करते. पुढचे दृश्य उसाच्या फडातील बिबट्याचे. दोन्ही दृश्ये वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या वर्षी घेतलेली असली, तरी नजरेच्या दिशा जुळल्या की प्रेक्षक ती एकाच जागेची, एकाच क्षणाची मानतो. कथाचित्रात हे कौशल्य ठरते. परंतु पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले. अशा दिवसांत तशीच जोडलेली चित्रफीत गावोगावच्या मोबाइलवर फिरली, तर ती भीतीला खतपाणी घालते आणि खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडवते. मुलांना शाळेत पाठवायचे की नाही, रात्री पाणी द्यायला शेतात जायचे की नाही, असे निर्णय माणसे अशा चित्रांवरून घेतात.

म्हणून माहितीपट आणि बातमी यांच्या संकलनात सलगतेला एक मर्यादा पाळावी लागते. घडलेले अधिक स्पष्ट करण्यासाठी जोडावे. न घडलेले घडल्यासारखे वाटावे म्हणून जोडू नये. भाषणातील वाक्य कापले, तर उरलेल्या वाक्याचा अर्थ बदलत नाही ना, हे पाहावे. एका सभेतील टाळ्या दुसऱ्या सभेतील वक्त्याच्या पदरात टाकू नयेत. जुने चित्रण वापरले, तर तसे पडद्यावर लिहावे. सांधा दिसला तर दिसू द्यावा. अशा ठिकाणी दिसणारा सांधा हा प्रामाणिकपणाचा पुरावा असतो.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी लग्नाची किंवा वारीची चित्रफीत असेल, त्यांनी ती एकदा या दृष्टीने पाहावी. कुठे पालखी उलटी फिरली, कुठे नवरदेव जागच्या जागी उडाला आणि कुठे एखादा जोड असा साधला आहे की तो दिसतही नाही, हे ध्यानात येऊ लागेल. पुढल्या आषाढात यवत-वरवंडच्या रस्त्यावर कॅमेरा घेऊन उभे राहताना, रस्ता ओलांडण्याआधी क्षणभर थांबून एवढेच ठरवावे, की आपल्या प्रेक्षकाला पंढरपूर कोणत्या हाताला दिसणार आहे.